स्वभाव की व्याधी? : एका निदानाचा दोनशे वर्षांचा इतिहास

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण मराठी घरांत इतक्या सहजतेने उच्चारली जाते की, तिच्या पोटात एक वैद्यकीय सिद्धांत दडलेला आहे, याची जाणीव बोलणाऱ्यासही नसते. माणसाच्या विपरीत वागण्याचे दोन वर्ग ही म्हण गृहीत धरून चालते. एक वर्ग व्याधीचा. व्याधी बाहेरून आल्यासारखी येते, तिला औषध असते, आणि ती जडल्याबद्दल रोग्यास कोणी बोल लावीत नाही. दुसरा वर्ग स्वभावाचा. तो जन्माबरोबर आला, मरणाबरोबर जावयाचा, आणि त्याचा सारा दोष मात्र ज्याचा त्याच्या पदरात टाकावयाचा. या दोन वर्गांमधील रेषा नेमकी कोठून जाते, हा प्रश्न युरोप-अमेरिकेतील मनोरोगवैद्यकाने गेली दोनशे वर्षे हाताळला आहे. आज तो ‘द्विध्रुवी विकार’ आणि ‘व्यक्तिमत्त्व विकार’ यांच्यातील भेद म्हणून ओळखला जातो. या प्रश्नाच्या उत्तरावर औषध, संसार, नोकरी आणि कित्येकदा प्राणही अवलंबून राहिले आहेत.

प्रथम या दोन नावांचा अर्थ स्पष्ट व्हावयास हवा. द्विध्रुवी विकार म्हणजे उन्माद आणि विषाद या दोन टोकांमधील येरझार. उन्मादाच्या काळात माणसाची झोप उडते, आणि तरी त्याला थकवा म्हणून येत नाही. विचार धावू लागतात, बोलणे आवरत नाही, न झेपणारे व्यवहार केले जातात, पैसा पाण्यासारखा ओतला जातो. काही काळाने तोच माणूस अंथरुणातून उठण्याइतकेही बळ नसल्यासारखा पडून राहतो. व्यक्तिमत्त्व विकाराचे रूप निराळे असते. त्यात अशी पाळी येत नाही. भावना, नाती आणि स्वतःविषयीची कल्पना यांची घडीच तरुणपणापासून विस्कटलेली असते. या विकारांपैकी ‘सीमावर्ती’ अथवा ‘बॉर्डरलाइन’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार द्विध्रुवी विकाराशी सर्वांत अधिक गफलत करवितो. कारण लहर पालटणे, संतापाचा भडका, अविचारी कृत्ये आणि आत्मघाताकडे ओढा ही लक्षणे दोहोंतही आढळतात.

हा भेद सर्वस्वी अर्वाचीन नव्हे. चरकसंहितेत उन्मादाची व्याख्या करताना मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार अशा आठ गोष्टींचा विभ्रम सांगितला आहे. या यादीत ‘शील’ आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानात मात्र सात्त्विक, राजस आणि तामस अशा मिळून सोळा मानसप्रकृती वर्णिल्या आहेत. त्यांपैकी काही अगदीच ओंगळ असूनही त्यांस रोग म्हटलेले नाही. प्रकृती निराळी आणि विकृती निराळी, हा विवेक भारतीय वैद्यांनी केला होता. पाश्चात्त्य परंपरेत कॅपाडोशियाचा अरेटीयस हा वैद्य इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांत उन्माद आणि विषाद यांचा परस्परसंबंध सांगून गेला. परंतु ही बीजे दीर्घकाळ अंकुरली नाहीत. वेडा आणि शहाणा या ढोबळ विभागणीवरच समाजाचा कारभार चालत राहिला.

अर्वाचीन इतिहासाचा आरंभ फ्रान्समध्ये होतो. पॅरिसच्या बिसेत्र आणि साल्पेत्रिएर या संस्थांत काम केलेल्या फिलिप पिनेल याने १८०१ साली मनोरोगांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने एका चमत्कारिक अवस्थेचे वर्णन केले. बुद्धी शाबूत, भ्रम कसलाही नाही, तर्क बरोबर. आणि तरी मनुष्य क्रोधाच्या आहारी जाऊन भयंकर कृत्ये करतो. या अवस्थेस त्याने ‘भ्रमरहित उन्माद’ म्हटले. त्याने दिलेल्या उदाहरणांत एका धनिक घराण्यातील लाडावलेला एकुलता एक पुत्र आहे. मन मारणे त्याला कधी शिकविलेच नव्हते. जनावराने हट्ट केला तर त्याला ठार करावे आणि माणसाने विरोध केला तर त्याच्या अंगावर धावून जावे, असा त्याचा शिरस्ता. अखेर वाग्बाण मारणाऱ्या एका स्त्रीला त्याने विहिरीत ढकलले आणि त्याची रवानगी बिसेत्रमध्ये झाली. हा रोगी की दुर्जन? पिनेलने त्याला रोग्यांच्या पंक्तीस बसविले, आणि तेथूनच वादास तोंड फुटले.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील वैद्य जेम्स कौल्स प्रिचर्ड याने १८३५ साली हाच विचार पुढे नेऊन ‘नैतिक वेड’ ही संज्ञा रूढ केली. त्या काळच्या इंग्रजीत ‘नैतिक’ या शब्दाच्या अर्थात भावना आणि मनोवृत्ती यांचाही समावेश होत असे. तथापि पुढील पिढ्यांनी तो शब्द नीतिअनीतीच्या अर्थाने घेतला. परिणाम असा झाला की, एकाच पोतडीत अनेक जातींची माणसे कोंबली गेली. प्रिचर्डने वर्णिलेल्या रोग्यांत काही केवळ क्रूर होते, काही विक्षिप्त होते, आणि काही आलटून पालटून खिन्न व उत्तेजित होणारे होते. या शेवटच्या गटातील पुष्कळांना आजचा वैद्य द्विध्रुवी विकाराचे रोगी म्हणेल. रोगाने पछाडलेली माणसे अशा रीतीने शीलभ्रष्टांच्या यादीत जाऊन बसली.

या गोंधळातून पहिली वाट पुन्हा पॅरिसमध्येच सापडली, आणि तीही एका भांडणातून. १८५४ सालच्या जानेवारीत ज्यूल बायार्जे याने फ्रेंच वैद्यक अकादमीपुढे ‘दुहेरी रूपाच्या वेडा’वर निबंध वाचला. पुढच्याच महिन्यात त्याचा गुरुबंधू झाँ-पिएर फालरे याने उठून सांगितले की, हा शोध आपला आहे. आपण ‘चक्राकार वेड’ या नावाने त्याचे वर्णन पूर्वीच केले आहे. दोघेही एस्किरोलचे शिष्य आणि दोघेही साल्पेत्रिएरशी संबंधित. अग्रमानाचा हा कलह पुढे बराच काळ धुमसत राहिला. परंतु कलहापेक्षा फालरेच्या वर्णनातील एक तपशील मोलाचा ठरला. उन्माद आणि विषाद यांच्याबरोबर त्याने तिसरी अवस्था सांगितली, ती म्हणजे मधला शांत काळ. या काळात रोगी आपल्या मूळ स्वरूपात परत येतो. चक्र फिरते खरे, पण त्या चक्रात एक घर स्वस्थतेचे असते. आजचा वैद्यही रोग्याच्या आप्तांस प्रथम हेच विचारतो की, मधल्या काळात हा माणूस कसा असतो?

या सूत्राला शास्त्राचे रूप दिले ते एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोरोगवैद्याने. हायडेलबर्ग येथे असताना त्याने प्रत्येक रोग्यासाठी एक स्वतंत्र पत्र तयार करण्याची पद्धत घातली. त्यावर लक्षणे, प्रारंभ आणि पुढील वाटचाल यांची नोंद असे, आणि रोगी घरी गेल्यावरही त्याची खबर ठेवली जाई. आज रोगी कसा दिसतो याहून वर्षानुवर्षांत त्याचे काय होते याला त्याने अधिक महत्त्व दिले. १८९९ साली निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत त्याने गंभीर मनोरोगांची दोन दालने केली. एकात मन उत्तरोत्तर क्षीण करीत जाणारा, पुढे ‘स्किझोफ्रेनिया’ म्हणून ओळखला गेलेला रोग. दुसऱ्यात पाळीपाळीने येणारे व ओसरणारे ‘उन्माद-विषादाचे वेड’. काळ हाच निदानाचा खरा साक्षीदार, हा क्रेपेलिनचा धडा होय.

मात्र क्रेपेलिनलाही तिसऱ्या दालनाची अडचण भासलीच. त्याच्याच देशातील यूलिउस कोख याने १८९१ पासून ‘मनोविकृतिजन्य न्यूनते’ची कल्पना मांडली होती. वेड नाही, परंतु निरोगीपणही नाही, अशा माणसांसाठी ती होती. क्रेपेलिनने आपल्या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांत अशा ‘विकृत व्यक्तिमत्त्वां’स स्वतंत्र प्रकरण दिले. पण त्याच वेळी उन्माद-विषादाच्या प्रकरणात त्याने चार ‘मूलावस्था’ सांगितल्या: खिन्न, उल्हासी, चिडखोर आणि दोलायमान. या अवस्था म्हणजे त्या रोगाचीच सौम्य व कायमची रूपे होत, आणि त्यांची सीमा सामान्य स्वभावात नकळत मिसळून जाते, असे त्याचे मत होते. म्हणजे ज्याने भिंत बांधली त्यानेच तिला दार ठेवले. पुढील शंभर वर्षांतील बहुतेक वाद याच दारातून आत-बाहेर करीत राहिले आहेत.

ते दार बंद करण्याचा प्रयत्न कुर्ट श्नायडरने केला. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने विकृत व्यक्तिमत्त्वांचे दहा प्रकार सांगितले. आपल्या वेगळेपणामुळे जे स्वतः दुःख भोगतात किंवा ज्यांच्यामुळे समाजास दुःख भोगावे लागते, ते असे व्यक्तिमत्त्व, ही त्याची व्याख्या. लहरी वृत्तीचा माणूस या दहांत होता, पण तो रोगी नव्हे, असे श्नायडर बजावीत असे. उंची कमीअधिक असावी तसा तो माणसांमधील फरक होय, रोग नव्हे. कार्ल यास्पर्सने १९१३ मध्येच याची तात्त्विक बाजू मांडली होती. काही विकार माणसाच्या आयुष्यात परक्यासारखे घुसतात आणि पूर्वीच्या जीवनाशी त्यांचा धागा जुळत नाही. काही मात्र त्याच्या स्वभावातून आणि प्रसंगांतून उमजेल अशा रीतीने वाढत जातात. पहिली ‘प्रक्रिया’, दुसरा ‘विकास’. रेखीव विचाराचा हा नमुना होता. पण माणसे त्याच्याइतकी रेखीव नव्हती.

आणि मग असा काळ आला की, निदानाच्या एका शब्दावर माणसाचे भवितव्य ठरू लागले. जुलै १९३३ मध्ये नाझी सरकारने आनुवंशिक रोग्यांच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. त्याच्या यादीत स्किझोफ्रेनिया, अपस्मार, जन्मजात मतिमांद्य यांच्याबरोबर चक्राकार अर्थात उन्माद-विषादाचे वेडही होते. विकृत व्यक्तिमत्त्व मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नव्हते. एखाद्या तरुण स्त्रीच्या कागदावर वैद्य ‘रोग’ लिहितो की ‘स्वभाव’, यावर तिला मूल होऊ द्यावयाचे की नाही, हे ठरू शकत होते. १९४५ पर्यंत त्या राजवटीत सुमारे ४ लाख माणसांचे निर्बीजीकरण झाले, आणि पुढे मनोरुग्णांच्या संहारापर्यंत मजल गेली. वर्गीकरण हा ग्रंथालयातील निरुपद्रवी उद्योग आहे, असे ज्यांस वाटते, त्यांनी हे प्रकरण विसरू नये.

इकडे अमेरिकेत मनोविश्लेषणाचा अंमल होता. न्यूयॉर्कच्या अ‍ॅडॉल्फ स्टर्न याने १९३८ साली अशा रोग्यांविषयी लिहिले की, जे मनोदौर्बल्याच्या चौकटीत बसत नव्हते आणि वेडाच्याही चौकटीत बसत नव्हते. किरकोळ आघातानेही त्यांच्या मनास जणू रक्तस्राव होई. त्यांस त्याने सीमेवरचा गट म्हटले. सीमेवरच्या मुलुखाचे दैव बेळगाव-कारवारकडच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. दोन्ही बाजूंचे त्याच्यावर हक्क सांगतात, आणि त्याच्या गाऱ्हाण्याकडे मात्र कोणीच लक्ष देत नाही. या रोग्यांचेही तसेच झाले. १९६७ मध्ये ऑटो केर्नबर्ग याने ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व-रचना’ अशी त्याची सैद्धांतिक मांडणी केली, आणि १९७५ मध्ये जॉन गुंडरसन व मार्गारेट सिंगर यांनी विखुरलेल्या वर्णनांतून समान लक्षणे वेचून काढली.

याच सुमारास दुसऱ्या बाजूने एका साध्या क्षाराने खळबळ उडविली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील रुग्णालयात जॉन केड हा वैद्य काम करीत होता. दुसऱ्या महायुद्धात तो चांगीच्या छावणीत जपान्यांचा कैदी होता. १९४९ साली त्याने उन्मादाच्या दहा रोग्यांवर लिथियमचा प्रयोग केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतील पहिला रोगी पाच वर्षे अखंड उन्मादात होता. काही महिन्यांत तो आपल्या घरी व कामावर परतला. औषधात हेळसांड झाली तेव्हा रोग उलटला, आणि अखेर लिथियमच्याच विषबाधेने त्याचा अंत झाला. औषध आणि विष यांतील अंतर किती थोडे आहे, हेही त्या एका माणसाने जगास शिकविले. १९५४ मध्ये डेन्मार्कच्या मोगेन्स शौ याने काटेकोर चाचणी घेतली, आणि १९७० मध्ये अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी उन्मादासाठी लिथियमला मान्यता दिली. तोपर्यंत निदान चुकले तर केवळ नाव चुकत होते. आता निदान चुकले तर औषध चुकू लागले.

आणि निदाने चुकत होती, याचा पुरावा लवकरच हाती आला. न्यूयॉर्क आणि लंडन येथील रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्यांची एकाच पद्धतीने तपासणी करणाऱ्या संशोधकांचा अहवाल १९७२ साली बाहेर पडला. न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचे निदान लंडनपेक्षा पुष्कळ अधिक होई. परंतु समान कसोटी लावताच तो फरक बहुतांशी नाहीसा झाला. रोगी सारखेच होते, वैद्य निराळे होते. अटलांटिक ओलांडताच रोग बदलावा, अशी ही स्थिती होती.

या आघातानंतर मनोरोगवैद्यकाने आपले घर नव्याने मांडावयास घेतले. जर्मनीतील कार्ल लेओनहार्ड याने १९५७ मध्ये एकध्रुवी आणि द्विध्रुवी असा भेद सुचविला होता. १९६६ मध्ये झुरिचचे यूल्स आंग्स्ट आणि स्वीडनचे कार्लो पेरिस यांनी स्वतंत्रपणे त्याला रोग्यांच्या कुळांचा आधार दिला. अमेरिकन मनोरोगतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती १९८० मध्ये रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. ‘द्विध्रुवी विकार’ आणि ‘सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार’ ही दोन्ही नावे त्या एकाच पुस्तकातून अधिकृतपणे पुढे आली. रोग एका अक्षावर आणि व्यक्तिमत्त्व दुसऱ्या अक्षावर लिहावे, अशी व्यवस्था तिने केली. परंतु रेषा किती हंगामी आहे, हेही त्याच पुस्तकाने दाखविले. १९५२ आणि १९६८ च्या आवृत्त्यांत मनाचे सौम्य हेलकावे असणारा माणूस व्यक्तिमत्त्व विकारांच्या दालनात होता. १९८० मध्ये त्याला उचलून भावविकारांच्या दालनात ठेवण्यात आले. माणूस तोच, हेलकावे तेच. काल जो स्वभाव होता तो आज व्याधी ठरला.

या स्थलांतरातून हागोप अकिस्काल या बैरूतमध्ये जन्मलेल्या आर्मेनियन वंशाच्या तज्ज्ञाने एक व्यापक निष्कर्ष काढला. त्याच्या मते सीमावर्ती म्हटल्या जाणाऱ्या पुष्कळ रोग्यांचा विकार हा भावविकारांच्याच वर्णपटावरील एक छटा होती. सीमावर्ती हे विशेषण आपल्या विशेष्याच्या शोधात भटकत आहे, अशी कोटीही त्याने १९८५ मध्ये केली. गुंडरसन आणि त्यांचे सहकारी याच्या उलट म्हणत होते की, या रोग्यांचे मूळ दुखणे मनाच्या हेलकाव्यात नसून माणसामाणसांतील नात्यात आहे. या वादात केवळ पांडित्य नव्हते. पहिला पक्ष खरा असेल, तर हजारो माणसांस योग्य औषधावाचून ठेवले जात होते. दुसरा पक्ष खरा असेल, तर हजारो माणसांच्या मूत्रपिंडांवर आणि अवटुग्रंथींवर विनाकारण औषधांचा भार पडत होता.

लंबक एका बाजूस झुकला की दुसऱ्या बाजूसही जातो. १९९४ च्या आवृत्तीत सौम्य उन्मादाच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या द्विध्रुवी विकारास स्वतंत्र स्थान मिळाले. सलग चार दिवसांची उत्तेजित अवस्था त्यासाठी पुरेशी ठरली. नवी औषधे बाजारात येत होती, आणि द्विध्रुवी हे निदान वाढू लागले. २००८ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे मार्क झिमरमन यांच्या गटाने ७०० बाह्यरुग्णांची कसून मुलाखत घेतली. त्यांतील १४५ जणांनी आपणांस पूर्वी द्विध्रुवी ठरविण्यात आल्याचे सांगितले होते. त्यांपैकी निम्म्यांहूनही कमी जणांत ते निदान टिकले. उलट चूकही तितकीच खरी आहे. द्विध्रुवी विकाराचा प्रारंभ बहुधा विषादाने होतो, आणि उन्माद प्रकट होईपर्यंत कित्येक रोग्यांची वर्षानुवर्षे चुकीच्या निदानाखाली जातात.

मग भेद करावयाचा तो कसा? रक्ताची परीक्षा अथवा मेंदूचे चित्र या कामी अजून उपयोगी पडत नाही. साक्ष काढावी लागते ती काळाची. द्विध्रुवी विकारातील उन्माद किमान आठवडाभर टिकतो, विषाद आठवडे-महिने टिकतो. सीमावर्ती विकारात मनाची लहर काही तासांत पालटते. सकाळी आशा, दुपारी संताप, रात्री शून्यता. दुसरी साक्ष कारणाची. उन्मादाची पाळी बाहेरच्या कारणावाचूनही चढते. सीमावर्ती माणसाचा भडका बहुधा एखाद्या शब्दाने, न आलेल्या निरोपाने, टाकून दिले जाण्याच्या भीतीने पेटतो. तिसरी साक्ष झोपेची. उन्मादी माणसास झोपेची गरजच भासत नाही; दुसऱ्यास झोप हवी असते पण येत नाही. चौथी कुळाची, कारण द्विध्रुवी विकारात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. आणि पाचवी, फालरेने सांगितलेली, मधल्या शांत काळाची. पाळी ओसरल्यावर द्विध्रुवी रोग्याचे आप्त म्हणतात, ‘आमचा माणूस परत आला.’ दुसऱ्या विकारात परत येण्यासारखे असे पूर्वीचे स्वस्थ घरच बहुधा सापडत नाही. बालपणीची हेळसांड आणि अत्याचार यांच्या खुणा तेथे पुष्कळदा आढळतात. तरीही या कसोट्या प्रत्येक वेळी निर्णायक ठरत नाहीत, कारण सुमारे पाच रोग्यांपैकी एकात दोन्ही विकार एकत्र नांदतात. अशा वेळी ‘हे की ते’ हा प्रश्नच चुकीचा असतो.

या साऱ्या इतिहासात सर्वांत मोठा धक्का बसला तो मात्र ‘स्वभावाला औषध नाही’ या समजुतीस. १९९१ मध्ये सिएटल येथील मार्शा लिनेहान यांनी सीमावर्ती विकाराच्या आणि वारंवार स्वतःस इजा करून घेणाऱ्या स्त्रियांवरील एका वर्षाच्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या उपचारात गोळी नव्हती; झेन साधनेतून घेतलेला स्वीकार आणि वर्तनशास्त्रातून घेतलेले परिवर्तन यांची सांगड होती. भावनेचे वादळ आले असता काय करावे, हे एखादी कला शिकवावी तसे शिकविले जाई. स्वतःस इजा करण्याचे प्रकार कमी झाले, रुग्णालयातील दिवस कमी झाले. आणि २०११ मध्ये लिनेहान यांनी जगास सांगितले की, १९६१ साली वयाच्या सतराव्या वर्षी त्या स्वतःच मनोरुग्णालयात होत्या, आणि तेथे त्यांच्या कागदावर स्किझोफ्रेनिया असे लिहिले गेले होते. औषधांची गोष्ट याच्या उलट घडली. लॅमोट्रिजिन हे द्विध्रुवी विकारात उपयोगी पडणारे औषध २७६ सीमावर्ती रोग्यांत तपासले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ते निष्प्रभ गोळीहून सरस ठरले नाही. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातील मेरी झनारिनी यांनी तर २९० रोग्यांचा दहा वर्षे माग काढून दाखविले की, दहांपैकी नऊंहून अधिक जणांची लक्षणे किमान दोन वर्षे ओसरलेली राहिली, जरी कामधंदा आणि नाती यांसह पूर्णतः सावरलेले निम्मेच होते. जन्मखोड म्हणून ज्यांस सोडून दिले होते, त्यांतील बहुतेकांची लक्षणे ओसरली होती. व्याधी म्हणून जिला मान होता, त्या द्विध्रुवी विकारात मात्र औषध आयुष्यभर जपावे लागते.

वर्गीकरणानेही हे मान्य केले. २०१३ च्या अमेरिकन पुस्तिकेने दोन अक्षांची व्यवस्था मोडीत काढली. जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यात व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने प्रकार काढून टाकून सौम्य, मध्यम व तीव्र अशा पायऱ्या ठेवण्यात आल्या, आणि ‘सीमावर्ती’ ही त्यांवरील एक जोड-नोंद म्हणून उरली.

हे सारे दूरदेशीचे आहे, असे भारतीय वाचकाने समजू नये. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा घटस्फोटाच्या कारणांतील मानसिक विकाराच्या व्याख्येत अस्वाभाविक आक्रमक किंवा अत्यंत बेजबाबदार वर्तन घडविणाऱ्या ‘मनोविकृती’चा समावेश झाला, मग तिला औषधोपचार लागू पडो वा न पडो. ही शब्दयोजना इंग्लंडच्या १९५९ च्या मानसिक आरोग्य कायद्यातून आली होती. प्रिचर्डच्या ‘नैतिक वेडा’चेच हे दूरचे वंशज म्हणावयास हवे. इंग्लंडने २००७ च्या दुरुस्तीने ती संज्ञा आपल्या कायद्यातून काढून टाकली. भारतात ती अजून आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा दिवाणी कायदा चालत असल्याने हा विवाह कायदा तेथे लागू नाही. परंतु बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील हिंदू कुटुंबांचे तंटे याच शब्दांवर लढविले जातात. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालच्या एका निकालात रोगाच्या नुसत्या नावावर घटस्फोट मिळणार नाही, विकाराची तीव्रता सहजीवन अशक्य करण्याइतकी असल्याचे सिद्ध झाले पाहिजे, असे स्पष्ट केले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

त्याहून मोठे समाधान २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे. मानसिक आजार ठरवावयाचा तो मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांनी, जागतिक आरोग्य संघटनेच्या अद्ययावत वर्गीकरणासह, असे त्याचे तिसरे कलम सांगते. समाजात रूढ असलेली नैतिक, सामाजिक किंवा धार्मिक मूल्ये न मानणे हा मानसिक आजाराचा आधार होऊ शकत नाही, आणि पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज कोणास आजारी ठरविता येणार नाही, असेही ते कलम बजावते. पिनेलच्या विहिरीपासून ज्या प्रश्नाचा प्रवास सुरू झाला, त्याला दोनशे वर्षांनी मिळालेले हे एक सुज्ञ उत्तर आहे.

ज्या घरात एखादा तरुण रात्र रात्र जागतो आहे, एखादी मुलगी क्षणात जीव ओवाळते आणि क्षणात दार आपटून निघून जाते, त्या घराने या इतिहासातून घ्यावयाचा बोध थोडक्यात सांगता येईल. नाव ठेवण्याची घाई करू नये. तारखा टिपून ठेवाव्यात. केव्हा झोप उडाली, केव्हा मन खचले, मध्ये किती दिवस स्वस्थ गेले, हे तज्ज्ञास सांगता यावे. एका भेटीत झालेले निदान अंतिम मानू नये, आणि तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून औषध बंदही करू नये. मरणाची भाषा ऐकू आली, तर ते नाटक आहे की रोग, याचा खल करीत न बसता त्वरित मदत आणावी; दोन्ही विकारांत तो धोका खरा असतो. मराठीत ‘प्रकृती’ हा एकच शब्द आरोग्यासही चालतो आणि स्वभावासही चालतो. भाषेने जे एकत्र ठेवले, त्याचे दोन तुकडे करून एकास दया आणि दुसऱ्यास दूषण देण्याचा अधिकार दोनशे वर्षांच्या या शोधाने कोणासही दिलेला नाही.